मालगाडीचे इंजिन आणि आजोबांची आठवण

जळगाव-भुसावळ परिसरात रेल्वेत आयुष्य घालवलेले ज्येष्ठ पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणी सत्तरीनंतर टेबलावर छोटी रेल्वे मांडू लागले, की घरच्यांची दोन टोकांची मते होतात. काहींना वाटते, बुद्धी पोरकट झाली. काहींना वाटते, पन्नास वर्षांपूर्वीचे इंजिन आठवते, म्हणजे स्मृती ठणठणीत आहे. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत.

प्रथम पोरकटपणाविषयी. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८पासून लोक आवर्जून पाहतात. या छंदात खरा कस लागतो तो कोणत्या गाडीला कोणते इंजिन जोडावे, हे ठरवताना. आपले जळगाव स्थानकच घ्या. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मार्ग जी.आय.पी. रेल्वेचा होता. सुरतेहून नंदुरबार, अमळनेर, धरणगावमार्गे येणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग बी.बी.सी.आय. कंपनी चालवीत असे. दोन्ही मार्ग ब्रॉडगेज असल्याने माल न उतरवता वाघिणी एका रेल्वेकडून दुसरीकडे सोपवता येत. म्हणून एकाच मालगाडीत दोन्ही कंपन्यांची आद्याक्षरे असलेल्या वाघिणी शोभतात. इंजिन मात्र त्या त्या मार्गाचे हवे. पाचोरा-जामनेर मार्ग अरुंद असल्याने तेथील वाघीण मुख्य मार्गावर येऊच शकत नव्हती. तेथे माल उतरवून पुन्हा भरावा लागे.

काळाचेही भान ठेवावे लागते. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य व पश्चिम रेल्वे स्थापन झाल्यावर ही देवाणघेवाण त्या दोघींमध्ये होऊ लागली. घाटातले प्रसिद्ध ‘क्रोकोडाईल’ विद्युत इंजिन कितीही देखणे असले, तरी ते जळगावच्या मांडणीत बसत नाही. त्याला लागणारा डी.सी. विद्युतप्रवाह इगतपुरीपर्यंतच होता. असा विचार करणाऱ्या माणसाला पोरकट कसे म्हणावे?

आता दुसरा निष्कर्ष. वैद्यकीय दृष्टीने तो अधिक धोक्याचा आहे. अल्झायमरसारख्या विकारात बहुधा अलीकडची स्मृती आधी ढासळते आणि जुनी दीर्घकाळ टिकते. त्यामुळे वाफेच्या इंजिनाचा वर्ग अचूक सांगणारे आजोबा सकाळची गोळी घेतली की नाही, हे विसरत असू शकतात. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यांच्या जुन्या गोष्टी ऐकाव्यात, पण लक्ष नव्या गोष्टींकडे द्यावे. काल अर्धवट राहिलेले काम आज पुढे नेता येते का? तीच वाघीण दोनदा मागवली जाते का? तासाभरात तोच प्रश्न पुन्हा येतो का? औषधे चुकतात का? हातातले काम आवडते असूनही ते एकाएकी सोडून दिले का? असे वारंवार घडू लागल्यास ‘वयोमानाने होते’ असे म्हणून थांबू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे, काही औषधांचे परिणाम यांमुळेही विस्मरण होते आणि यांपैकी बऱ्याच कारणांवर उपचार आहेत.

छंदाने स्मृतिभ्रंश बरा होतो, असा दावा मी करणार नाही. मात्र जुने आठवणे, ते पडताळणे आणि हाताने मांडणे यांत मन गुंतते, दिवसाला आकार येतो. नातवंडाने शेजारी बसून ‘आजोबा, ही वाघीण इथे कशी आली?’ असे विचारले, तर एकाकीपणही कमी होते.

थोडी काळजी मात्र घ्यावी. मांडणी जमिनीवर न करता कमरेच्या उंचीच्या टेबलावर करावी आणि तेथे भरपूर उजेड असावा. वायरी चालण्याच्या वाटेत नसाव्यात. पडून खुब्याचे हाड मोडल्यास म्हातारपणी फार महागात पडते. मधुमेहाने बोटे बधिर झाली असतील, तर तापलेल्या सोल्डरिंगच्या कामाला दुसऱ्याचा हात घ्यावा. डिंक व रंग वापरताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

आजोबांच्या टेबलाशी आठवड्यातून एकदा तरी बसा. त्यांना बरे वाटेल, आणि काही बिघडू लागले असेल, तर ते आधी तुमच्याच लक्षात येईल.