कळ आधी कोणाची? डेस्कटॉपवरच्या एका जुन्या अतिक्रमणाविषयी

१/ तीन बटणांचा माउस नसलेल्यांसाठी ब्लेंडरमध्ये एक सोय आहे: आल्ट दाबून डाव्या बटणाने ओढले की त्रिमितीय दृश्य फिरते. लिनक्सच्या अनेक डेस्कटॉपांवर वर्षानुवर्षे असे करताच दृश्य जागीच राही आणि सबंध खिडकी सरके. दोष ब्लेंडरला दिला जाई. वास्तविक तो इशारा ब्लेंडरपर्यंत पोहोचलेलाच नसे.

२/ यावरचे ठरलेले उत्तर असे: कळा थोड्या, कामे फार, मग टक्कर होणारच. हे उत्तर अपुरे आहे. टंचाई हे निमित्त. मूळ वाद अधिकाराचा आहे, आणि तो सोडवायचा नाही हे जाणूनबुजून ठरले होते.

३/ एमआयटीत १९८४ साली एक्स विंडो सिस्टिमचे काम सुरू झाले. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि लिनक्सचे डेस्कटॉप पुढे दीर्घकाळ तिच्याच पायावर उभे राहिले. तिच्या कर्त्यांची भूमिका स्पष्ट होती: यंत्रणा आम्ही पुरवू, धोरण ठरवणार नाही. खिडकीची चौकट कशी असावी, कोणती कळ कोणाची, हे इतरांनी पाहावे. या उदारपणाचे कौतुक आजही होते.

४/ परंतु या यंत्रणेतली 'ग्रॅब' ही तरतूद मुळीच तटस्थ नव्हती. कोणताही प्रोग्राम एखादी कळ आपल्या नावे राखून ठेवू शकतो. विंडो मॅनेजर ती सर्व खिडक्यांच्या मूळ खिडकीवर राखतो. कळ दाबली गेली की सर्व्हर हक्कदाराचा शोध मुळापासून खाली घेत येतो. साहजिकच पहिला मान विंडो मॅनेजरचा. दोन प्रोग्रामांनी एकाच खिडकीवर तीच कळ मागितली, तर दुसऱ्याला सर्व्हर निदान त्रुटी कळवतो. माणूस ज्या प्रोग्राममध्ये प्रत्यक्ष काम करत असतो, त्याला मात्र आपली कोणती कळ वरच्या वर गेली याचा पत्ताही लागत नाही. धोरण नाकारणाऱ्यांनी धोरण ठरवले होते ते असे.

५/ टंचाईच्या युक्तिवादात तथ्य आहे तेवढे मान्य करायला हवे. एमआयटीच्याच लिस्प यंत्रांच्या 'स्पेस-कॅडेट' कळफलकावर कंट्रोल, मेटा, सुपर आणि हायपर अशा चार स्वतंत्र कळा होत्या. १९८१ च्या आयबीएम पीसीवर शिफ्ट सोडली तर कंट्रोल आणि आल्ट या दोनच. ईमॅक्समध्ये अर्धा शब्द पूर्ण करणारी मेटा-टॅब पीसीवर आल्ट-टॅब झाली आणि थेट खिडक्या बदलणाऱ्या जोडीवर जाऊन आदळली. ईमॅक्सची पुस्तिकाच आता सांगते की विंडो मॅनेजर ही जोडी घेत असेल, तर दुसरी दाबा. सत्तरच्या दशकातला संपादक खिडक्यांच्या रखवालदारासाठी वाट सोडून उभा आहे!

६/ सीमा आखणे शक्य होते, याला मॅकिंटॉश साक्षी आहे. १९८४ च्या मॅकच्या कळफलकावर कंट्रोल कळच नव्हती. आज्ञांसाठी कमांड होती. पुढे कंट्रोल आली, पण आज्ञा कमांडकडेच राहिल्या. म्हणून २००१ मध्ये मॅक ओएस एक्स युनिक्सच्या पायावर आली, तेव्हा टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी चालू प्रोग्राम थांबवी आणि कमांड-सी मजकूर उचली. दोघींचा एकमेकींना उपद्रव नव्हता. (ॲपलही धुतल्या तांदळासारखी राहिली नाही. २००५ मध्ये कमांड-स्पेस स्पॉटलाइटला देऊन तिने फोटोशॉपमधली, चित्र मोठे करण्याची जोडी अडवली.)

७/ १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नॅचरल कीबोर्डवर विंडोज कळ आली. लिनक्सच्या जगात ती 'सुपर' या जुन्याच नावाने नांदू लागली आणि टंचाईची सबब संपली. नोमने खिडकी ओढण्यासाठी आल्ट सोडून सुपर घेतली. केडीईनेही नंतर तोच मार्ग धरला. लिपी बदलणारी आयबस पूर्वी कंट्रोल-स्पेस घेई. ईमॅक्समध्ये मजकुराची निवड त्याच जोडीने सुरू होते, त्यामुळे तिथे मराठी टंकणाऱ्याला दोहोंपैकी एकीवर पाणी सोडावे लागे. आयबस सुपर-स्पेसवर गेली आणि वाद मिटला. तरीही उबंटूत कंट्रोल-आल्ट-टी टर्मिनल उघडते, आणि इंटेलिज आयडियातली, निवडलेल्या ओळींना वेष्टण घालण्याची तीच जोडी निकामी होते. सुपर कळ शेजारीच असताना!

८/ "सेटिंगमध्ये जाऊन बदला" हे तर उत्तरच नव्हे. कळ कोणी घेतली हे माहीत असेल तर ती परत मागता येईल, आणि तेवढेच यंत्रणा सांगत नाही. ज्याला माउस धरता येत नाही, ज्याचे सारे काम कळफलकावरच चालते, त्याच्या दृष्टीने बेपत्ता झालेली कळ म्हणजे प्रोग्रामचा बंद झालेला दरवाजा असतो.

९/ काही कळा प्रोग्रामच्या हाती जाऊच नयेत, हेही खरे. खोटा लॉगिन पडदा दाखवून कोणी पासवर्ड पळवू नये म्हणून विंडोज एनटीने कंट्रोल-आल्ट-डिलीट स्वतःकडे राखली. तिथे कारण सांगता येते. टर्मिनल उघडण्याच्या सोयीला तसे कोणते कारण आहे?

१०/ २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडमध्येही प्रत्येक कळ आधी कंपोझिटरकडेच जाते. एक सुधारणा मात्र झाली: आपल्या खिडकीत काम चालू असेपर्यंत डेस्कटॉपचे शॉर्टकट थांबवावेत, अशी विनंती प्रोग्रामला करता येते. दूरच्या संगणकावर काम करण्याच्या साधनांना आणि आभासी यंत्रांना तिचा उपयोग होतो. विनंती मान्य करायची की नाही, हे कंपोझिटरच ठरवतो.