दोष यंत्राचा की विक्रेत्याचा?

नवा व्हिडिओ गेम जाहीर झाला की, घरातले यंत्र तो पेलेल काय, ही चिंता सुरू होते. उणीव यंत्राचीच, हे तीत गृहीत असते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये २०१३ सालच्या प्लेस्टेशन ४ साठीही विकला गेला आणि त्यावर इतका रखडला की, सोनीने आठवडाभरातच त्याची विक्री थांबवून पैसे परत देऊ केले. त्या यंत्रावरील दृश्ये आधी न दाखविल्याबद्दल निर्मात्यांना क्षमा मागावी लागली. यंत्राची मर्यादा नवी नव्हती. ती ग्राहकापासून झाकली गेली.

उलट, डिसेंबर २०२४ मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ने रे ट्रेसिंगची सोय असलेले ग्राफिक्स कार्ड अनिवार्य केले. २०१७ सालची बलवान कार्डेही त्यामुळे बाद ठरली. परंतु अट निदान उघड होती.

यंत्र झिजण्यापूर्वीच निर्णयाने कालबाह्य ठरते, तेव्हा घसाऱ्याचा भुर्दंड ग्राहकावर पडतो. मात्र बहुसंख्यांच्या यंत्राकडे पाठ फिरवणे उत्पादकालाही परवडत नाही. म्हणूनच आगाऊ पैसे न मोजता, आपल्याच यंत्रावरचा खेळ पाहून मग खरेदी करणारा ग्राहक हाच या बाजारावरील खरा अंकुश होय.