हाताचे ज्ञान आणि पडद्यावरचे ज्ञान

माणसाने अक्षर गिरवले, त्याच्या कितीतरी आधी त्याने दगडाला धार लावली, बी पेरले, मडके घडवले आणि सूत कातले. पुढे लेखनकला आली. ज्ञान साठवता येऊ लागले, दूरवर पोहोचवता येऊ लागले आणि ग्रंथ हे विद्येचे मुख्य साधन झाले. यात मानवजातीचा मोठा लाभ झाला. परंतु त्याबरोबर एक दुरावाही निर्माण झाला. ज्याला वाचता येते तो विद्वान आणि ज्याला करता येते तो केवळ कारागीर, अशी समजूत रूढ झाली. आपल्या देशात जातिव्यवस्थेने ही समजूत अधिकच घट्ट केली. लोखंड, लाकूड, चामडे, माती यांचे गुणधर्म ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांच्यासाठी पाठशाळेचे दार बंद होते. आणि ज्यांच्यासाठी ते उघडे होते, त्यांनी अवजाराला हात लावणे कमीपणाचे मानले. एकाकडे अनुभव राहिला, दुसऱ्याकडे शब्द राहिले. दोहोंची गाठ न पडल्यामुळे समाजाचे ज्ञान अपुरे राहिले.

आज या जुन्या प्रश्नाला एक नवा पदर जोडला गेला आहे. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर पाठ, चित्रफिती, प्रश्नसंच, नकाशे आणि प्रयोग उपलब्ध झाले आहेत. २०१७ साली ‘स्वयम्‌’ आणि ‘दीक्षा’ हे मंच सुरू झाले. ज्यांना रोज वर्गात जाणे शक्य नाही, अशा लक्षावधी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. मात्र या साधनांचे स्वागत करताना एक प्रश्न विचारला पाहिजे. पडद्यासमोर बसलेला विद्यार्थी काही करू लागतो, की नुसताच पाहत राहतो? आधुनिक शिक्षणात कृतीचे आणि डिजिटल साधनांचे नाते काय असावे, याचा निर्णय या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

कृतीतून शिक्षण हा विचार आपल्याकडे परक्या भूमीतून आलेला नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेत वाचन, लेखन व हिशेब यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे द्यावेत, असे सुचवले होते. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत जे मिळते, त्याचा त्याच्या जगण्याशी संबंध असावा, ही त्यामागची दृष्टी होती. १९३७ साली वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक उद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणणारी योजना मांडली. ती पुढे ‘नई तालीम’ या नावाने ओळखली गेली. सूतकताई करता करता गणित, भूगोल, इतिहास आणि अर्थशास्त्र यांच्याकडे वळता येते, हे तिचे मर्म होते.

या विचारावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. हातकामाचे शिक्षण गरिबांच्या मुलांना आणि ग्रंथांचे शिक्षण श्रीमंतांच्या मुलांना, अशी वाटणी झाली तर जुनीच उतरंड नव्या नावाने उभी राहील. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, हे सांगण्यासाठी शाळेची गरज नाही. म्हणून कृतिशिक्षण द्यायचे ते सर्वांना, आणि त्यातून सिद्धान्तापर्यंत जाण्याची वाट प्रत्येकाला मोकळी हवी. ही अट पाळली नाही, तर हातकामाचे कितीही गोडवे गायले तरी ते फसवे ठरतील.

ही अट पाळून काय साधता येते, याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पाबळ या गावी पाहायला मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतून अन्नतंत्रज्ञानातील डॉक्टरेट मिळवून आलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लीव्हर या कंपनीच्या संशोधन केंद्रातील मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पाबळच्या अवर्षणग्रस्त माळावर ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली मुले बुद्धीने कमी नसतात; त्यांना शिकवण्याची रीत चुकलेली असते, ही त्यांच्या कार्यामागची धारणा होती. तेथून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आकाराला आला आणि ग्रामीण माध्यमिक शाळांपर्यंत पोहोचला. त्याचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाने चारही विभागांत काम करायचे असते. मुलगा स्वयंपाकातील पोषणमूल्ये मोजतो आणि मुलगी वेल्डिंग करते. जातीने किंवा लिंगाने ठरवून दिलेल्या कामाची चौकट येथे आपोआप मोडते. वर उल्लेखिलेल्या आक्षेपाला पाबळने दिलेले हे उत्तर आहे.

या पद्धतीचा आणखी एक विशेष असा की, विद्यार्थ्यांचे काम वहीत संपत नाही. गावाला ज्याची गरज आहे अशा वस्तू व सेवा ते देतात. दुरुस्त केलेले फाटक खरोखरच उघडले आणि मिटले पाहिजे; जोडलेल्या नळातून पाणी गळता कामा नये. येथे परीक्षकाच्या मर्जीला वाव नाही, कारण चूक झाली तर ती वस्तूच दाखवून देते. आश्रमाच्या ग्रामीण तंत्रज्ञान पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. शाळेबाहेर राहिलेल्या तरुणाच्या हातातील कौशल्याला प्रमाणपत्राचे मोल लाभले, ही मुक्त शिक्षणाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे.

पाबळला संगणकाचे वावडे नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडवण्याच्या प्रयोगशाळा जगात ठिकठिकाणी उभारण्याचे ठरवले, तेव्हा त्या संस्थेबाहेरील अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी एक २००२ साली पाबळमध्ये आली. पडद्यावर आराखडा काढायचा, यंत्राने तो कापायचा, जुळवून पाहायचा, चुकला तर पुन्हा पडद्याकडे वळायचे, असा तेथील क्रम असतो. डॉ. कलबाग २००३ साली निवर्तले. पण कानस आणि संगणक एका छपराखाली नांदू शकतात, हे त्यांच्या आश्रमाने दाखवून दिले.

पुण्यातच या विचाराचे दुसरे रूप दिसते. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पु. ल. देशपांडे यांच्या कुटुंबाकडून मिळालेल्या देणगीतून मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. तेथे अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे काम केले. काडेपेटीतील काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची तत्त्वे दाखवणारी शेकडो खेळणी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या खेळण्यांच्या छोट्या चित्रफिती अनेक भाषांत महाजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्या पाहणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाहीत. घरातली कात्री आणि कागद शोधायला लावतात. चांगल्या डिजिटल साधनाचे हेच लक्षण होय.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून कविता, कथा व पाठ ध्वनिचित्र रूपात विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला. खेड्यातील सरकारी शाळाही नव्या साधनांचा कल्पक वापर करू शकते, हा विश्वास त्यातून मिळाला.

संगणक उद्योगाची राजधानी मानल्या जाणाऱ्या बेंगळूरु शहराचा अनुभवही येथे बोलका आहे. त्या शहरातील जयनगर भागात ज्या शिक्षणसंस्थेचे नॅशनल कॉलेज आहे, त्याच संस्थेच्या बसवनगुडी येथील महाविद्यालयात भौतिकशास्त्रज्ञ डॉ. एच. नरसिंहय्या यांनी १९६२ साली विज्ञानप्रसारासाठी ‘बेंगलोर सायन्स फोरम’ सुरू केला. कोणतीही गोष्ट प्रश्न विचारल्याशिवाय स्वीकारू नये, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. याच शहरातून काम करणारे ‘अगस्त्य’ प्रतिष्ठान १९९९ पासून विज्ञानशिक्षणात आहे. प्रयोगांच्या साहित्याने भरलेली त्याची वाहने ग्रामीण सरकारी शाळांच्या दारी जातात आणि मुलांना भिंग, चुंबक, सांगाडा, तराजू हाताळायला मिळतात. ज्या शहरात जगासाठी आज्ञावल्या लिहिल्या जातात, तेथील शिक्षणप्रेमींनाही मुलांच्या हाती वस्तू देण्याची गरज भासावी, यात मोठा अर्थ आहे.

याचा अर्थ डिजिटल साधने दुय्यम आहेत, असा मात्र नाही. काही गोष्टी हाताने करून पाहता येत नाहीत. हृदयाच्या झडपांची हालचाल, ग्रहांची भ्रमणे, अणूची रचना, हजारो वर्षांत घडणारी भूस्तरांची उलथापालथ या बाबी पडदाच स्पष्ट करू शकतो. धोकादायक रसायनांचा प्रयोग आधी पडद्यावर पाहणे शहाणपणाचे असते. शिवाय पाठ थांबवून पुन्हा ऐकण्याची सोय प्रौढ विद्यार्थ्याला विशेष उपकारक आहे. वर्गात पुन्हा विचारायला त्याला संकोच वाटतो, पडद्यापुढे तो वाटत नाही.

तरीही या साधनांच्या मर्यादा नजरेआड करता येणार नाहीत. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा एका घरात एकच मोबाईल आणि तोही कमावत्या माणसाबरोबर बाहेर गेलेला, ही स्थिती असंख्य कुटुंबांत होती. ज्यांना साधन मिळाले त्यांच्यापैकीही अनेक मुले केवळ प्रेक्षक झाली. पूर्वी मुले फळ्यावरचे उतरवून घेऊन पाठ करीत. आता पडद्यावरचे पाहून विसरू लागली. साधन बदलले, रीत तीच राहिली.

हात आणि पडदा यांची सांगड कशी घालावी, हे एका साध्या उदाहरणाने समजेल. पायाची आखणी करताना कोपरा काटकोनात आला की नाही हे पाहण्यासाठी गवंडी एका बाजूवर ३ फूट, दुसऱ्या बाजूवर ४ फूट मोजतो आणि दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरते का, ते तपासतो. पायथागोरसचे नाव त्याने ऐकलेले नसते. पण त्याचा प्रमेय तो रोज वापरतो. दहावीच्या विद्यार्थ्याला प्रमेय तोंडपाठ असतो. पण दोरी हातात दिली तर त्याला कोपरा आखता येत नाही. आता हा गवंडी मुक्त विद्यालयात प्रवेश घेतो, असे समजू. ३ आणि ४ यांच्या वर्गांची बेरीज ५ च्या वर्गाइतकी का होते, हे दाखवणारी चित्रफीत त्याने पाहिली, तर अनेक वर्षे ठाऊक असलेल्या मापामागचे कारण त्याला उमगेल आणि ५, १२, १३ किंवा ८, १५, १७ ही मापेही तो वापरून पाहील. येथे पडद्याने त्याच्या हाताला दृष्टी दिली. दहावीच्या विद्यार्थ्याला याच्या उलट वाटेने, पडद्याकडून दोरीकडे जावे लागेल. वाटा दोन असल्या, तरी दोघांनाही दोन्ही टोके गाठायची आहेत.

प्रौढ आणि शाळाबाह्य विद्यार्थ्यांच्या संदर्भात हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. ते कोरी पाटी घेऊन येत नाहीत. लोणच्यात मीठ किती घातले म्हणजे ते टिकते, इंजिनाचा आवाज बदलला तर कोठे बिघाड असतो, कोणत्या जमिनीत पाणी मुरते, याचे ज्ञान त्यांच्यापाशी असते. मात्र या ज्ञानाला शाळेने मान दिलेला नसल्यामुळे तेच स्वतःला अडाणी समजतात. ही समजूत दूर करणे हे कोणत्याही अभ्यासक्रमाचे पहिले कर्तव्य आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दप्तराविना दहा दिवस सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक जाणकारांकडे काम शिकावे, असे सुचवले आहे. म्हणजेच ज्याला काल शाळेने बाहेर ठेवले, त्याच्याकडे आज शाळा शिकायला जाऊ पाहत आहे. हे पाऊल योग्य असले, तरी दहा दिवस पुरेसे नाहीत. जोवर परीक्षेत केवळ लेखी उत्तरालाच वजन आहे, तोवर कृती ही अभ्यासाबाहेरची हौसच राहील. केलेल्या कामाचे, त्यामागील कारण सांगता येण्याचे आणि चूक शोधून दुरुस्त करण्याचे मूल्यमापन झाले पाहिजे.

कोणतेही शैक्षणिक साधन पारखण्याची एक सोपी कसोटी आहे. पुस्तक मिटल्यावर किंवा पडदा बंद केल्यावर विद्यार्थी काय करू लागतो, ते पाहावे. तो काही मोजू लागला, जुळवू लागला, कोणाला प्रश्न विचारू लागला, तर साधन चांगले. तो केवळ पुढची चित्रफीत लावू लागला, तर साधन कितीही महागडे असो, त्याचा उपयोग झाला नाही. मोबाईल आता बहुतेकांच्या खिशात पोहोचला आहे आणि हात तर प्रत्येकाला जन्मतःच मिळाले आहेत. या दोहोंना एकमेकांचे सोबती करणे हे आजच्या शिक्षकाचे काम आहे आणि विद्यार्थ्याचेही.

स्वाध्याय

१. ‘एकाकडे अनुभव राहिला, दुसऱ्याकडे शब्द राहिले’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

२. कृतिशिक्षणावर कोणता आक्षेप घेतला जातो? पाबळच्या प्रयोगाने त्याला कसे उत्तर दिले?

३. तुम्ही रोज करीत असलेले एखादे काम निवडा. त्यामागे गणिताचे किंवा विज्ञानाचे कोणते तत्त्व आहे, ते शोधून दहा ओळी लिहा.

४. ३, ४, ५ फुटांच्या मापाने तुमच्या खोलीचा एक कोपरा काटकोनात आहे का, ते तपासून पाहा.