नोटिफिकेशन पाठवले म्हणजे खबर पोचली असे नाही

आज जुन्या इंदूरच्या आठवणींना सुट्टी. विषय मोबाइलचा आहे, पण बोलणार बँकवालाच.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत आता दोघेच उरलेत. मुले पुण्याला, बंगलोरला, नाहीतर परदेशात. पेन्शन आणि एफडीवर घर चालते, शाखेत जाणे कमी झालेय. खात्यातून पैसे गेले की कळते ते मोबाइल 'टिंग' वाजला म्हणून. काही बँकांनी लहान रकमांच्या यूपीआय व्यवहारांचे एसएमएस पाठवणे बंदही केलेय. माझे स्पष्ट मत आहे की खात्याची खबर एकट्या ॲपच्या नोटिफिकेशनवर सोडू नये, आणि त्याच वाटेने जाहिराती तर मुळीच पाठवू नयेत.

कारण समजायला ही यंत्रणा चालते कशी ते बघू. बँक थेट आपल्या फोनवर निरोप टाकते असे आपल्याला वाटते. तसे नाहीये. मध्ये एक टपालवाला आहे. अँड्रॉइडवर गुगल, आयफोनवर ॲपल. ॲपलने ही सेवा 2009 मध्ये सुरू केली, गुगलने 2010 मध्ये. ॲप फोनवर घेतले की हा टपालवाला त्याला एक लांबलचक टोकन देतो आणि ॲप ते बँकेच्या सर्व्हरला कळवते. आठवतेय ना, काउंटरवर चेक दिला की पितळी टोकन मिळायचे आणि कॅशियर नाव नाही, नंबर पुकारायचा? तोच प्रकार. बँक निरोप आणि टोकन गुगलकडे देते, गुगल ते त्या फोनला पोचवते. फोनची गुगलशी एकच लाइन सतत जोडलेली असते, सगळ्या ॲपचे निरोप तिच्यावरूनच येतात. प्रत्येक ॲपने दर मिनिटाला "काही आलेय का?" विचारायचे म्हटले तर बॅटरी दुपारपर्यंतच टिकेल. व्यवस्था हुशारीची आहे, यात वाद नाही.

पण गळती कुठे होते ते पहा. नेट बंद असेल तर गुगल निरोप साधारणपणे जास्तीत जास्त चार आठवडे ठेवते, आणि पाठवणारा ही मुदत कमीही करू शकतो. नवा निरोप आला की जुना पुसला जावा, अशीही सोय पाठवणाऱ्याला आहे. फोन बराच वेळ नुसता पडून असेल तर साधे निरोप बॅटरी वाचवण्यासाठी थांबवले जातात. ॲप काढून टाकले तर टोकन बाद. अँड्रॉइड 13 पासून ॲपला आधी परवानगी विचारावी लागते, तिथे 'नाही' दाबले गेले तर काहीच दिसत नाही. निरोप पोचेलच अशी हमी ॲपल स्वतः देत नाही.

आमच्या वेळी महत्त्वाचे पत्र हातोहात जायचे तर प्यून बुकात घेणाऱ्याची सही व्हायची. रजिस्टर्ड पत्राची पोचपावती फाइलला लागायची. गुगलने निरोप स्वीकारला म्हणजे जावक रजिस्टरात नोंद झाली, एवढेच. पोचपावती ती नव्हे.

हा काथ्याकूट नाही, पैशाचा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने असे ठरवले होते की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेची खबर मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित. त्यापुढे बँकेच्या धोरणाप्रमाणे. म्हणजे घड्याळ खबर मिळाल्यापासून चालू होते. मग ती 'मिळाली' हे ठरवणार कोण? त्याच परिपत्रकात एसएमएस सक्तीचा धरला होता, तो उगीच नाही.

आणि जाहिराती! 'पूर्वमंजूर कर्ज', 'सणाची खास ऑफर', सगळे त्याच ॲपमधून, त्याच आवाजात. दिवसातून चार वेळा असे वाजले की माणूस पाचवे न वाचताच बोटाने सरकवतो, आणि ते पाचवेच पैसे गेल्याचे असू शकते. एसएमएसमध्ये 2025 पासून पाठवणाऱ्याच्या नावापुढे अक्षर येते: जाहिरातीला 'पी', सेवेला 'एस', व्यवहाराला 'टी', सरकारी निरोपाला 'जी'. ॲपच्या नोटिफिकेशनला अशी खूण का नको? व्यवहार आणि जाहिराती वेगळ्या खात्यांत टाकायची सोय अँड्रॉइडमध्ये 2017 पासून आहे. ती वापरायची की नाही, हे मात्र ॲप बनवणारा ठरवतो.

एसएमएसला पैसे पडतात आणि खोटे एसएमएसही येतात, हे मला मान्य आहे. म्हणून मी एसएमएस हवा, ॲप नको असे म्हणत नाही. दोन्ही हवेत, आणि व्यवहाराची खबर जाहिरातीपासून वेगळी हवी. शाखेत गेलात तर हे लेखी मागा. दहा जणांचे अर्ज आले तर मॅनेजरला वर कळवावेच लागते, हे मी खुर्चीच्या त्या बाजूने पाहिलेय.

तोवर एवढे करा. जाहिरातीचे नोटिफिकेशन दाबून धरा, वेगळा प्रकार दिसला तर तेवढाच बंद करा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन हिस्टरी चालू ठेवा. बँकेत मोबाइल नंबर बरोबर आहे ना ते तपासा. पासबुक दर महिन्याला भरून आणा. पैसे गेलेले दिसले तर मुलांच्या फोनची वाट न पाहता लगेच बँकेला कळवा आणि 1930 लावा.