स्पॅनिशची शिकवणी
कॅलिफोर्नियातील सुस्थितीतील पालक आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी स्पॅनिशचा खासगी शिक्षक शोधताना दिसतात. यात वावगे काही नाही. परंतु त्या राज्याचा इतिहास ध्यानी घेता या हौसेतील विसंगती नजरेआड करता येत नाही. हा प्रदेश १८४८ पर्यंत मेक्सिकोचा होता. १८४९ च्या राज्यघटनेने कायदे स्पॅनिशमध्येही प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. १८७९ च्या घटनेने ते वगळले. पुढे १९९८ साली मतदारांनी २२७ क्रमांकाचा प्रस्ताव संमत केला आणि पालकांनी लेखी सूट मिळविल्याखेरीज स्पॅनिशभाषक मुलांना त्यांच्या भाषेतून शिकविणे जवळजवळ बंद झाले. २०१६ च्या ५८ व्या प्रस्तावाने हे निर्बंध उठले खरे. पण मधल्या अठरा वर्षांत शाळेत गेलेल्या मुलांचे काय? शेतमजुराच्या मुलाने घरची भाषा वर्गात आणली तर तो अडथळा, आणि वकिलाच्या मुलाने तीच भाषा तासाला पैसे मोजून शिकली तर ती गुणवत्ता, असा हा हिशेब आहे.

शिक्षक निवडताना तरी तो बदलावा. मुलाला बोलायचे आहे ते शेजारच्या मेक्सिकन मुलांशी. तेथे माद्रिदच्या उच्चारांचा आग्रह कशाला? या वयात क्रियापदांची रूपे घोकण्यापेक्षा गोष्टी, खेळ आणि गाणी यांतून भाषा सहज रुजते. ते काम वर्गमित्राची आजीही उत्तम करील. मात्र तिला पदवीधर शिक्षकाइतकाच मोबदला द्यावा. शेजारधर्म म्हणून ते फुकटात उरकू नये.