पाच अतिचार आणि आमचा सोन्या



मंदिरातून बाहेर पडताना हल्ली मला एक प्रश्न हमखास येतो. "काय गं, तुझ्या घरी लांडगा पाळलाय म्हणे?" लांडगा नाही, हस्की. तोही पुरता हस्की नाही. एक डोळा निळा, दुसरा तपकिरी, एक कान उभा, दुसरा पडका. पुण्याच्या एका तरुण जोडप्याला तो "शुद्ध हस्की" म्हणून विकला होता. वाढू लागला तशी त्याची गावठी आई दिसू लागली. रात्री हूऽऽ करून रडायचा, शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, नंतर त्या दोघांची बदली झाली. माझ्या लेकीला हे कळलं आणि आषाढात साडेचार महिन्यांचं ते पिल्लू आमच्या सांगलीच्या घरी आलं. नाव होतं स्नोई. आमच्या आईंना, म्हणजे सासूबाईंना, ते जमेना. त्यांनी "सोन्या" केलं. तो दोन्ही नावांना कान टवकारतो.

आता मंदिरातल्या एका काकूंनी मला जे सुनावलं ते सांगते, कारण त्यात तथ्य आहे. "हिंसक प्राणी पाळणं श्रावकाला शोभत नाही. घरात रोज अभिषेकाची वस्त्रं वाळतात, महाराजांचा चौका लागतो, तिथे कुत्र्याचे केस?" मी काकूंशी वाद घातला नाही. हौस म्हणून, फोटोसाठी म्हणून, हजारो रुपये मोजून हस्की विकत आणणं मलाही मान्य नाही. पण हा जीव आधीच जन्मलेला होता, एका घरातून उठवलेला होता आणि दुसरं घर त्याला मिळत नव्हतं. जीवंधर कुमारांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याला त्यांनी णमोकार ऐकवला. तेव्हा प्रश्न एवढाच होता की आणल्यावर त्याच्याशी वागायचं कसं.

याचं उत्तर मला इंटरनेटवर मिळालं नाही, स्वाध्यायात मिळालं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतका भार टाकणं, अन्नपाणी रोखणं. वर्षानुवर्षं हे पाच शब्द मी पाठ म्हटले. ते आपल्या घरातल्या जनावराबद्दल आहेत हे सोन्या आल्यावर कळलं. माझं मत असं की ज्या घराला हे पाच अतिचार टाळता येणार नाहीत, त्या घराने कुत्रा आणू नये. आणि आणला असेल तर शिकवणीची सुरुवात इथूनच करावी.

पहिला, बंध. हस्की हा सायबेरियातला, बर्फावर गाडी ओढत मैलोन्‌मैल धावणारा कुत्रा. त्याला गॅलरीच्या गजाला आखूड दोरीने बांधलं की तो रडणार, खणणार, दाराची चौकट कुरतडणार. पण मोकळा सोडून चालत नाही हेही तितकंच खरं. या जातीला पळून जायची ओढ भारी आणि पक्षी-खार दिसली की मागे धावायची ओढ त्याहून भारी. आईंची पाखरांसाठी ठेवलेली परडी आणि पाण्याचं मडकं आम्ही पहिल्याच आठवड्यात गच्चीवर हलवलं. बाहेर नेताना दोरी कधीच सोडायची नाही. दोन्ही गोष्टी सांभाळायच्या तर उपाय एकच, वेळ. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास चालणं. चामड्याचा पट्टा आपण वापरत नाही, म्हणून छातीवरून जाणारा जाड सुती पट्टा घेतला. तोच त्याच्या गळ्यालाही बरा. आणखी एक, दुकानात कुत्र्यांना चघळायला जी पांढरी "हाडं" मिळतात ती बहुतेक कातड्याची असतात. बघून घ्या.

घरात त्याला एक कोपरा दिला, जिन्याखालचा. जुन्या घरातली त्याची चादर न धुता तिथे टाकली, ओळखीचा वास राहावा म्हणून. पहिले तीन-चार दिवस कुणी पाहुणे नाहीत, कुणी उचलून घ्यायचं नाही. तो कोपऱ्यात बसून आमच्याकडे बघायचा, आम्ही आपापली कामं करायचो. घर बदललेल्या पिल्लाला शिकवायच्या आधी शांतता लागते. एकटं राहायलाही असंच हळूहळू शिकवलं. आधी एक मिनिट दाराबाहेर, मग पाच, मग पंधरा. महिन्याभराने मी मंदिरात जाऊन यायचे तोवर तो झोपलेला असायचा.

दुसरा, वध. इथे वध म्हणजे जीव घेणं नव्हे, मारहाण. आणि इथे मला माझीच चूक सांगायची आहे. दशलक्षण पर्वाचे दिवस होते, मला उपवास होता. त्याने दोरीवरची माझी पूजेची शुद्ध साडी ओढून अंगणभर फिरवली. मी वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि दोन फटके हाणले. फार लागलं नसेल. पण तो जमिनीला चिकटला, जागीच शू केली, आणि पुढचे चार दिवस माझ्या हातून पनीरचा तुकडाही घेईना. दोन महिन्यांत जे मिळवलं ते दोन फटक्यांत गेलं. शिकला काय? साडी ओढू नये हे नाही. माझ्या हाताला भ्यावं, एवढंच. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना फोन करून झाले तेव्हा आई म्हणाल्या, "जगाला क्षमा मागितलीस. त्या कोपऱ्यातल्याला?" मी त्याच्या चादरीशेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तो जवळ आला.

तेव्हापासून नियम असा की जे हवं ते केलं की लगेच बक्षीस, जे नको त्याची संधीच द्यायची नाही. साडी आता गच्चीवर वाळते. शी-शूसाठी झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर, तिन्ही वेळा त्याच एका जागी न्यायचं आणि झालं की तिथेच शाबासकी द्यायची. घरात झालं तर गुपचूप पुसायचं, रागवायचं नाही. फिनाईलऐवजी व्हिनेगरच्या पाण्याने पुसावं, कारण तो पंजे चाटतो. दात येण्याच्या वयात तो आमचे हात चावायचा. डॉक्टर म्हणाले, थंड गाजर द्या. आमच्या घरात गाजर कुठलं! आम्ही काकडी दिली, आणि ओल्या फडक्याला गाठ मारून ते फ्रीजरमध्ये ठेवून दिलं. दोन्ही चाललं.

सगळ्यात आधी शिकवलेली आज्ञा मात्र आईंची होती. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. सुरुवातीला लाकडी फळी आडवी लावली. तो फळीपाशी थांबला की "थांब" म्हणायचं आणि फुटाण्याएवढा पनीरचा तुकडा त्याच्याकडे टाकायचा. तीन आठवड्यांनी फळी काढली. आज मी आत पोळ्या लाटते आणि तो उंबऱ्याबाहेर हनुवटी टेकून पडलेला असतो. चौक्याच्या दिवशी तो लेकीच्या खोलीत. आईंचा सोवळ्याचा आग्रह आणि त्याची शिस्त एकाच उंबऱ्यावर जुळली.

तिसरा, छेद. आपण काही कुत्र्याचे कान-शेपूट कापत नाही. पण उन्हाळा आला की हस्कीचा गोटा करून टाका असा सल्ला मला चार जणांनी दिला. तसं करू नका. त्याची दुहेरी लव थंडीप्रमाणेच उन्हापासूनही कातडी राखते. काढली तर ऊन थेट अंगाला लागतं आणि लव परत नीट येईलच असंही नाही. वर्षातून दोनदा तो ढिगाने केस गाळतो तेव्हा रोज विंचरायचं. रोज विंचरल्याने गोचीड वेळेवर दिसते, धरत नाही. गोचिडीच्या आणि जंताच्या औषधाबद्दल माझ्याही मनात खळखळ होती. शेवटी असं ठरवलं की स्वच्छता, विंचरणं, अंथरूण उन्हात टाकणं यांनी जीव उत्पन्नच होऊ द्यायचे नाहीत, आणि डॉक्टर जे आवश्यक म्हणतील ते टाळायचं नाही. गोचीडताप कुत्र्याचा जीव घेतो. लसी, विशेषतः रेबीजची, यात तर विचार करण्यासारखं काहीच नाही.

चौथा, अतिभारारोपण. सायबेरियाच्या कुत्र्याने सांगलीचा मे महिना सोसावा, हाच मुळात अतिभार आहे. हे मी स्वतःच्या घराबद्दल बोलते आहे. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघायची. आपल्याला सोसलं नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. दुपारी शहाबादी फरशी, कूलर, पोटाला आणि पंजांना ओलं फडकं. भसाभसा धापा, चिकट लाळ, तोल जाणं दिसलं तर साध्या पाण्याने भिजवत थेट डॉक्टरकडे. एकदा रस्त्यात एका मुलाला स्कूटरला हस्की बांधून पळवताना पाहिलं, सकाळचे दहा वाजले होते. मी थांबवून बोलले. त्याला वाईट वाटलं, कारण खरंच माहीत नव्हतं. माहिती नसणं हेच बहुतेक हिंसेचं मूळ असतं.

पाचवा, अन्नपाननिरोध. तुम्ही सगळ्या ज्याची वाट बघताय तो प्रश्न इथे येतो. खायला काय? पहिल्या दिवशी आईंनी मायेने दूधपोळी दिली आणि रात्रभर जुलाब. पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. मी जनावरांच्या डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसावर जगणारा नाही, माणसाबरोबर राहून तो धान्य पचवायला शिकला आहे. शाकाहारावर ठेवता येईल, पण मनाने नाही. नुसत्या वरणभातावर वाढतं पिल्लू खंगेल. त्यांनी वाढत्या पिल्लांसाठी पूर्ण आहार म्हणून लिहिलेलं शाकाहारी खाद्य, त्यासोबत पनीर, दही, उकडलेलं सोयाबीन, मूगडाळ, भोपळा असं मोजून लिहून दिलं. कॅल्शियम मनाने द्यायचं नाही, जास्त झालं तर वाढत्या हाडांना बाधतं. दर पंधरा दिवसांनी वजन, तीन महिन्यांनी रक्ततपासणी.

आणि आम्ही घरात आधीच ठरवून ठेवलं होतं की वजन वाढलं नाही, अंगावर तेज दिसलं नाही, तर आमच्या नियमापायी त्याला खंगत ठेवायचं नाही. त्याला नीट खाऊ घालणारं घर शोधायचं. ते ठरवताना लेक रडली होती. सुदैवाने वेळ आली नाही. आला तेव्हा नऊ किलोचा होता, आज सव्वा वर्षाचा आणि बावीस किलोचा आहे. पण आमचं जमलं म्हणून प्रत्येकीचं जमेल असं मी म्हणणार नाही. ताटाचा प्रश्न पिल्लू आणण्याआधी सोडवा. आणल्यावर नव्हे.

आपल्या स्वयंपाकघराचे काही फायदेही आहेत. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, ते आपल्याकडे नसतंच. संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी झालं की रात्री त्याला बाहेर न्यावं लागत नाही. पण पाणी मात्र रात्रभर भरून ठेवायचं. आपला चौविहार आपला, त्याचा नव्हे. आणि धोका आहे तो बेदाण्याचा. तासगाव-सांगलीच्या घरात बेदाणे नाहीत असं होत नाही. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडावर घात करू शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातलाही एक घालू नका. चॉकलेटचंही तेच.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा आपल्या देशाचा कायदा 1960 सालचा आहे. त्याच्या अकराव्या कलमात मारणं, आखूड साखळीने बांधून ठेवणं, पुरेसं अन्नपाणी न देणं आणि उपासमार होईल अशा ठिकाणी सोडून देणं, हे सगळे गुन्हे म्हणून लिहिले आहेत. वाचताना मला वाटलं, आपल्याला हे शिकायला कायद्याची वाट बघावी लागली नव्हती. पाठ होतं. फक्त घरात वापरायचं राहून गेलं होतं.

म्हणून मैत्रिणींनो, मुलं हट्ट धरतील तेव्हा निळ्या डोळ्यांचा फोटो बाजूला ठेवा आणि हे पाच प्रश्न स्वतःला विचारा. एकाचंही उत्तर डळमळीत असेल तर नाही म्हणा. ते नाही म्हणणं हीसुद्धा दयाच आहे. पण कुणाच्या घरातून उठवलेलं एखादं पिल्लू दारात आलंच आणि पाचही उत्तरं तुमच्याकडे असतील, तर काकू काय म्हणतील याची फार काळजी करू नका. आमच्या काकू मागच्या आठवड्यात घरी आल्या होत्या. सोन्या उंबऱ्याबाहेर पडून होता. जाताना त्या म्हणाल्या, "आमच्या नातवापेक्षा हा बरा ऐकतो."

जय जिनेंद्र.