नानीच्या मागोमाग

मुलीचे लग्न झाले की ती सासरी जाते, मुलगा नोकरीसाठी मुंबई नाहीतर कतार गाठतो. घरोघरची हीच गोष्ट. समुद्रात मात्र एक असे कुटुंब आहे की जिथे मुलगीही आईला सोडत नाही आणि मुलगाही, अगदी म्हातारपणापर्यंत. त्या प्राण्याचे नाव ऑर्का. ‘किलर व्हेल’ म्हणतात म्हणून आपण त्याला देवमासा समजतो. खरे तर तो डॉल्फिनच्या कुळातला, आणि त्यात सर्वांत मोठा.

गेल्या जूनमध्ये आम्ही उभयता सिएटलला भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याने आम्हाला सॅन हुआन बेटावर नेले. बेटाच्या पश्चिम काठावर लाइम किल्न पॉइंट नावाची जागा आहे, १९१९ साली बांधलेले छोटे दीपगृह आहे. खडकाला लागूनच पाणी एकदम खोल होते, म्हणून ऑर्का कधीकधी अगदी जवळून जातात. बोटीचे तिकीट काढून मागे धावायचे कारण नाही. खडकावर बसायचे, वाट पाहायची. पहिल्या संध्याकाळी कोणीच आले नाही. तिकडे जूनमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो. मगरिब नऊनंतर, मग जेवायचे कधी, हा प्रश्न भाच्याच्या मुलांना पडत नाही, आम्हाला पडला.

दुसऱ्या संध्याकाळी आधी आवाज आला. लोहाराचा भाता दाबावा तसा श्वास. मग तांबूस पाण्यातून काळे पर वर आले. नराचा पर पुरुषभर उंच असतो. एक लहानगे आईच्या कुशीला चिकटून पोहत होते. शेजारी बसलेल्या बाई पाठीवरच्या पांढुरक्या डागांवरून कोण कोणाचे ते सांगत होत्या. ही ओळखण्याची रीत १९७०च्या दशकात कॅनडाच्या मायकेल बिग यांनी घालून दिली. तेव्हापासून इथल्या प्रत्येक ऑर्काची नोंद आहे: आई कोण, नानी कोण.

आम्हाला सर्वांत भावली ती नानीच. या माद्यांची पिल्ले होणे थांबते, त्यानंतरही त्या कित्येक वर्षे जगतात. प्राण्यांत हे फारच क्वचित. अभ्यासकांना दिसले की ज्या वर्षी सॅमन मासा कमी असतो, त्या वर्षी पुढे राहून वाट दाखवतात त्या याच म्हाताऱ्या. धरलेला मासा त्या वाटून खातात. नानी गेली की नातवंडांच्या मरणाचा धोका वाढतो. तिशी ओलांडलेल्या मुलाचेही आईच्या पश्चात तेच होते. निसर्गाने म्हातारपण उगाच दिले नाही, असे आमचे मत तिथे पक्के झाले.

पण हे घर आता रिकामे होत आहे. १९९५ मध्ये ते ९८ होते, आज सत्तरीच्या थोडेच पुढे. १९६० आणि ७०च्या दशकांत मत्स्यालयांसाठी त्यांची पिल्ले धरून नेली. पुढे चिनूक सॅमन घटला, आणि हे ऑर्का मुख्यतः त्यावरच जगतात. जहाजांच्या गोंगाटात आवाजाच्या प्रतिध्वनीवर मासा शोधणे त्यांना अवघड जाते. २०१८ मध्ये यांच्यातल्या जे-३५ या मादीचे नवजात पिल्लू मेले. ते तिने सतरा दिवस डोक्यावर पेलून नेले. ती बातमी वाचून आमच्या वर्गातल्या मुली गप्प झाल्या होत्या.

वॉशिंग्टन राज्यात २०२५ पासून बोटींना या ऑर्कांपासून हजार यार्ड दूर राहावे लागते. काठावरून पाहणाऱ्याचा त्यांना काही त्रास नाही. वाचकांपैकी कोणी मुलाकडे तिकडे जाणार असेल, तर एक संध्याकाळ हाताशी धरून जाऊ नये, दोन-तीन ठेवाव्यात. दुर्बीण घ्यावी, आणि जूनमध्येही स्वेटर, वारा बोचतो.